तिखट पडण्याआधीची वाटी

लहान मूल असलेल्या घरात स्वयंपाकाला फार वेळ लागतो, असं सगळेच म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. वरण-भाताचा कुकर अर्ध्या तासाच्या आत होतो, पोळ्यांच्या मावशी सकाळीच पोळ्या लाटून गेलेल्या असतात, कोशिंबिरीला पाच मिनिटं पुरतात. वेळ जातो तो याच्या आधी आणि नंतर. आधी, 'आज काय करायचं' हे ठरवण्यात. नंतर, दोन वर्षांच्या पोरामागे वाटी-चमचा घेऊन हॉलमधून गॅलरीत आणि गॅलरीतून परत हॉलमध्ये फिरण्यात. आणि मधल्या मध्ये 'बाळाचं वेगळं' शिजवण्यात. झटपट पाककृतींची पुस्तकं गॅसवरची मिनिटं मोजतात. ती या पुस्तकातही मोजली आहेत, पण तेवढ्यावर कुणाची संध्याकाळ सुटी होईल असा माझा दावा नाही.

आहारसल्ल्याच्या कामात माझ्याकडे जे आईवडील येतात, त्यांतले बहुतेक दोघंही नोकरी करणारे असतात. त्यांचा प्रश्न कधी सुरू होतो हे पाहण्यासारखं आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. चांगलंच झालं. पण २६ आठवडे म्हणजे सहा महिने, आणि सहा महिने भरले की उष्टावण. मामाच्या मांडीवर बसून बाळ पहिला घास घेतं आणि त्याच सुमारास आई कामावर रुजू होते. वरचं अन्न सुरू करण्याचा सगळा नाजूक काळ आजीच्या, सांभाळणाऱ्या ताईंच्या नाहीतर पाळणाघराच्या हाती जातो. खासगी नोकरीतल्या बाबाला तर कायद्यानं एक दिवसाचीही रजा बांधून दिलेली नाही. (आणि ही झाली नियुक्तीपत्र हातात असलेल्यांची गोष्ट. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईला रजा म्हणजे बुडालेला पगार.) पहिलं वर्ष पेज, मऊ भात, कुस्करलेलं केळं यांवर निघून जातं. वाढदिवस झाला, बाळाला दाढा येऊ लागल्या, नको म्हणता येऊ लागलं, की खरी परीक्षा सुरू होते. हे पुस्तक त्या काळासाठी आहे, साधारण एक ते चार वर्षांच्या मुलांच्या घरांसाठी.

पुस्तकभर एकच नियम पाळला आहे: मुलासाठी वेगळा पदार्थ करायचा नाही. मोठ्यांच्याच भांड्यातली एक वाटी तिखट पडण्याआधी काढून ठेवायची.

हे ऐकायला फारच साधं वाटतं, म्हणून एक कुकर उघडून दाखवते. तळाच्या डब्यात तूरडाळ आणि मूगडाळ निम्मी निम्मी, हळद, हिंग आणि थेंबभर तेल. मधल्या डब्यात तांदूळ. वरच्या डब्यात लाल भोपळ्याच्या सालासकट फोडी, पाणी न घालता. शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या दुप्पट झालेला असतो आणि पाणी शंभरऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळत असतं. डाळ लवकर गळते ती म्हणून. वाफ आपोआप जिरू द्यायची. घाईनं शिट्टी उचलली तर डाळ फसफसून वरच्या भातात जाते. कुकर उघडला की बाळाची वाटी: तळहाताएवढा भात, त्यावर घोटलेलं दाट वरण, भोपळ्याची एक फोड कुस्करून, अर्धा चमचा तूप आणि वरून लिंबाचे चार थेंब. वाटी बाजूला निवत ठेवायची. आता उरलेल्या वरणात चिंच, गूळ, गोडा मसाला आणि वरून मिरचीची फोडणी; झाली आमटी. उरलेल्या भोपळ्यात दही, दाण्याचं कूट, मीठ, हिरवी मिरची आणि तुपातल्या जिऱ्याची फोडणी, झालं भरीत. भांडी तीन, जेवणं दोन प्रकारची, आणि बाळ जे खातंय तेच आईबाबाही खात आहेत हे बाळाला दिसतं. सकाळी फ्रिजमधलं वाटीभर वरण कणकेत मळलं की त्याच्या पोळ्या किंवा डब्यासाठी छोटे पराठे होतात. रात्रीच दमछाक नसेल तर त्याच कणकेची वरणफळं करा. चकोल्या म्हणणाऱ्या घरांत ती कशी करायची हे मी सांगायला नको.

किनारपट्टीवरच्या घरांत हाच नियम कालवणाला लागतो. सुरमईची किंवा रावसाची एक तुकडी हळद-मीठ लावून वाफवून घ्यायची, काटे बोटांनी चाचपून काढायचे, बाकीच्या तुकड्या मसाल्यात जातील. विदर्भातली उकडपेंडी, कोकणातली ताकातली तांदळाची उकड, घावन, आंबोळ्या, पिठलं: मिरची शेवटी घालता येते अशा पदार्थांची आपल्याकडे ददात नाही. जिथे मिरची आधीच वाटणात जाते, तो पदार्थ मात्र मी या पुस्तकातून सरळ गाळला. झणझणीत रश्शातून धुऊन काढलेला बटाटा म्हणजे बाळाचं जेवण नव्हे.

लिंबाच्या त्या चार थेंबांवर थोडं थांबायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ ६९ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. आधीच्या फेरीत हाच आकडा ५४ टक्के होता. हे फक्त गरिबाघरचं दुखणं आहे असं समजून पुढे जाऊ नका. माझ्यासमोर बसलेली गुटगुटीत, महागड्या बाबागाडीतून आलेली मुलंही त्यात असतात. आईवडील मात्र विचारतात प्रोटीनबद्दल. तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला दिवसाला सुमारे १२ ग्रॅम प्रथिनं लागतात. एक अंडं आणि एक कप दूध एवढ्यातच तो हिशोब भागतो. लोह लागतं आठ मिलिग्रॅमच्या आसपास आणि ते भागता भागत नाही. कारण डाळी-भाज्यांतलं लोह शरीरात जेमतेम शोषलं जातं. त्याच घासाबरोबर लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो असं काही आंबट पोटात गेलं तर शोषण वाढतं. चहा गेला तर घटतं. पाहुण्यांसमोर कौतुकानं बशीतला चहा पाजला जातो, तो बंद करा. लोखंडी कढईत भाजी करा. शाकाहारी नसाल तर आठवड्यातून एकदोनदा खिम्याचा किंवा काळजाचा मऊ तुकडा द्या. मोड काढल्यानंही धान्यातल्या लोहाची वाट मोकळी होते, म्हणून मोडाच्या मुगाला पुस्तकात वारंवार मान मिळाला आहे.

आणि दूध. 'तो नुसत्या दुधावर आहे, बाकी काही खातच नाही' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता पुढचा प्रश्न तोंडातून आपोआप निघतो: किती दूध? उत्तर बहुधा लिटरच्या आसपास असतं. झोपेतून उठल्यावर बाटली, पाळणाघरातून आल्यावर बाटली, झोपताना बाटली, आणि जेवला नाही म्हणून वर आणखी एक. दुधानं पोट भरतं, दुधात लोह नसल्यासारखंच, आणि दुसऱ्या अन्नातल्या लोहालाही ते आडवं येतं. एक वर्षानंतर दिवसाला अर्धा लिटर ही वरची मर्यादा माना. दूध कमी केल्यावर चार दिवस रडारड होते. पाचव्या-सहाव्या दिवशी भूक नावाची गोष्ट घरात पुन्हा दिसू लागते.

आता भरवण्याकडे येते, कारण वेळेचं मोठं भगदाड तिथेच आहे. बाळाचं जन्माचं वजन पहिल्या वर्षात तिप्पट होतं. तीन किलोचं बाळ नऊ-साडेनऊ किलोंचं होतं. दुसऱ्या अख्ख्या वर्षात मात्र ते दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावली की भूक मंदावणारच. आपल्याला ते आजारपण वाटतं आणि मग चिऊ-काऊचे घास सुरू होतात. ते संपले की मोबाईल येतो. गाणं चालू, तोंड उघडं, घास आत. दहा मिनिटांचं जेवण तासावर जातं, आणि मुलाला आपलं पोट भरलं की नाही हे कळेनासं होतं. चिऊ-काऊबद्दल माझी तक्रार नाही, त्यात निदान आजीचा चेहरा तरी समोर असतो.

मुलाला कळतं का किती खायचं? १९२६ च्या सुमारास क्लॅरा डेव्हिस या अमेरिकी डॉक्टरबाईंनी याच प्रश्नावर एक प्रयोग सुरू केला. नुकतंच दूध सुटू लागलेली पंधरा बाळं, आणि समोर तीसेक पदार्थांच्या यादीतले निरनिराळे पदार्थ मांडलेला ट्रे. मांस, अंडी, दूध, धान्य, फळं, भाज्या, सगळं साधं शिजवलेलं किंवा कच्चं, मीठसुद्धा वेगळ्या वाटीत. परिचारिकेनं चमचा हातात घेऊन गप्प बसायचं. बाळानं बोट दाखवलं किंवा हात पुढे केला तरच घास द्यायचा. सुचवायचं नाही, कौतुक करायचं नाही, रागवायचंही नाही. मुलांनी विचित्र जेवणं केली. कुणी एका वेळी अंड्यांवरच तुटून पडलं, कुणी केळ्यांवर. मुडदूस झालेलं एक बाळ ठेवलेलं कॉड माशाचं तेल आपणहून पीत राहिलं आणि बरं झाल्यावर त्यानं ते सोडलं. महिन्यांचा हिशोब केला तर सगळ्यांचं पोषण उत्तम झालं होतं. १९३९ मध्ये निष्कर्ष मांडताना डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगितलं, की यातली खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. ट्रेमध्ये साखर नव्हती, मैदा नव्हता, डब्यातलं तयार काही नव्हतं. मुलाची निवड शहाणी ठरली कारण ट्रे शहाण्या माणसानं भरला होता. बिस्किटं आणि वेफर्स मांडून 'घे तुला हवं ते' म्हटलं तर प्रयोग पहिल्याच दिवशी बुडतो. पुढे १९८० च्या दशकात एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी याची सरळ वाटणी करून टाकली: काय, कधी आणि कुठे हे आईवडिलांनी ठरवायचं, किती, आणि खायचं की नाही, हे मुलानं.

मराठी घरात ही वाटणी पचायला जड जाते, याची मला कल्पना आहे. 'उपाशी झोपला' हे वाक्य सासूबाईंच्या तोंडून ऐकणं कुठल्याही सुनेला सोपं नसतं. पण मूल सगळ्यांच्या पंक्तीत बसवा, ताटात तीन-चार गोष्टी थोड्या थोड्या वाढा, त्यांत एक तरी त्याला हमखास आवडणारी असू द्या, आणि वीस मिनिटांनी ताट उचला. सांडलवंड होईल, खाली वर्तमानपत्र घाला. नवी भाजी पसंत पडायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा ताटात यावी लागते. दोनदा थुंकली म्हणून 'त्याला दोडका आवडत नाही' असा शिक्का मारू नका. भाज्या वाटून, लपवून, पराठ्यात कोंबून देण्याच्या युक्त्या मी मुद्दामच दिलेल्या नाहीत. पालक पराठ्यात घाला, जरूर घाला, पण पालक म्हणून घाला. बिटाचे तारे आणि गाजराचे ससे कापायला ज्यांना संध्याकाळी सवड आहे, त्यांना या पुस्तकाची गरजच नाही.

'आज काय करायचं' याचं उत्तर मला जुन्या फडताळात सापडलं. झटपट अन्न ही पाकिटातून आलेली कल्पना आहे असं आपण समजतो, पण मेतकूट काय आहे? हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, गहू भाजून, हळद, हिंग, सुंठ, मेथी घालून दळलेलं. धान्य आणि डाळ यांत एकमेकांची उणीव भरून निघते आणि शिजवण्याचं काम आधीच उरकलेलं असतं. मऊ भात, मेतकूट, तूप हे दोन मिनिटांचं पुरं जेवण आहे. परदेशी निघालेल्या मुलाच्या बॅगेत आई ते कोंबते ती काही नुसती माया नव्हे. भाजणीचंही तेच, सातूच्या पिठाचंही तेच.

मोडाच्या नाचणीचं तर कौतुक करावं तेवढं थोडं. बाळाचं पोट लहान असतं. साध्या पिठाची खीर शिजताना घट्ट होते, म्हणून आपण पाणी वाढवतो. वाटी भरते पण तिच्यात पाणीच जास्त. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले, की दाण्यात पिष्ट पदार्थ तोडणारं विकर तयार होतं. अशा पिठाची खीर सैल राहते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. मोड आल्यावर नाचणी सावलीत वाळवायची आणि अगदी हलकी भाजायची, खरपूस नाही, नाहीतर ते विकर मरतं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. बाळ वर्षाचं झालं की पीठ वस्त्रगाळ करण्याचा अट्टाहास सोडा. कोंड्याबरोबर बरंच काही कामाचं निघून जातं.

याच फडताळाच्या जागी आता चॉकलेटी भुकटीचे डबे आले आहेत. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी काही व्याख्याच नाही. डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा, साखर कितव्या क्रमांकावर आहे ते पाहा. याहून जास्त शब्द मी त्यावर खर्च करणार नाही.

म्हणून पुस्तकाचे विभाग नाश्ता, दुपार, रात्र असे पाडलेले नाहीत. दमून घरी आलेला माणूस 'रात्रीचं जेवण' हा विभाग उघडत नाही, तो फ्रिज उघडतो. विभाग आहेत कुकर, कढई, तवा आणि डबा. डबा म्हणजे वरची पिठं आणि रविवारी तासाभरात करून ठेवायच्या गोष्टी: मोडाचे मूग, दाण्याचं कूट, चिंचेचा कोळ, इडलीचं पीठ. प्रत्येक पाककृतीत 'वाटी काढा' अशी खूण आहे. ती आली की हात थांबवायचा. कोणती पाककृती आईसाठी आणि कोणती बाबासाठी अशी वाटणी कुठेही नाही. 'बाबांना जमेल असं सोपं' असा विभाग घाला, असं एक-दोघांनी सुचवलं होतं. कुकर लावायला वेगळं पौरुष लागत नाही, आणि शिट्ट्या मोजता येतात अशा कुणालाही हे जमेल.

काही गोष्टी पाककृतीत पुन्हा पुन्हा लिहिलेल्या नाहीत, त्या इथेच सांगते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, चाटणातूनही नाही. दोन वर्षांपर्यंत वरून साखर नाही, फळाचा रस नाही, फळच द्या. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, अख्खं द्राक्ष पाच वर्षांपर्यंत नको; घशात अडकतं. दाण्याचं कूट चालेल, द्राक्ष उभं चिरून चालेल. नवा पदार्थ, विशेषतः अंडं, दाणे, मासे, पहिल्यांदा देताना सकाळी आणि थोडाच द्या, म्हणजे अंगावर काही उठलं तर दिवसाउजेडी डॉक्टर गाठता येतो. उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. भातातले काही जिवाणू शिजवूनही पुरते मरत नाहीत आणि उबदार स्वयंपाकघरात भराभर वाढतात. तासाभरात फ्रिजमध्ये ठेवलेल्या भाताचाच सकाळी फोडणीचा भात करा. आणि मुलाचं वजन सलग दोन-तीन महिने वाढलंच नसेल, तर हे पुस्तक मिटून बालरोगतज्ज्ञांकडे जा.

मापं वाटी-चमच्यात दिली आहेत. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं १९७० पासून मराठी स्वयंपाकघराला ती सवय लावली आहे आणि ती मोडण्याचं मला काही कारण दिसत नाही. वाटी आमटीची, सुमारे दीडशे मिलीची, चमचा पोह्यांचा. कुकर पाच लिटरचा धरला आहे, त्यात तीन डबे बसतात. तुमच्याकडे तीन लिटरचा असेल तर दोनच बसतील. तेव्हा भाजीच्या फोडी डाळीच्याच डब्यात घाला आणि वरण घोटण्याआधी झाऱ्यानं बाहेर काढा.